रुमालाखालचा हात

महिनोन्‌महिने पाठीवर पडून राहायची पाळी ज्याच्यावर आली आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांबद्दल मी काही सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतील, आणि माझ्या वेळची औषधं आता मागेही पडली असतील. मला बोलायचं आहे ते मदतीबद्दल. ती कुणाकडून घ्यावी लागते, आणि घेताना माणसाच्या पोटात काय काय होतं, त्याबद्दल.

हात

मी बैलांचा दलाल. मूळचा धरणगावकडचा. आईबाप लवकर गेले, मिशनच्या बोर्डिंगात वाढलो, आणि तिथून बाहेर पडलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज माझं काही नव्हतं. दुसऱ्यांचे बैल हाकत बाजारोबाजार फिरलो, नजर तयार केली, आणि धुळे जिल्ह्यातल्या बाजारांत याकोबभाऊ म्हटलं की लोक मागं वळून बघतील एवढं नाव मिळवलं. हे मी फुशारकीनं सांगतो आहे, कारण ते मी कुणाचेही उपकार न घेता केलं.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं बोलतात. किती बोटं धरली, कशी दाबली, यावर सगळं. भोवती घोळका असतो, पण कुणाला काही कळत नाही. आणि रुमालाखाली जे झालं ते कधीही उघड बोलायचं नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही. तो मोडणाऱ्याला बाजारात कुणी हात देत नाही, एवढंच.

बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधीची गोष्ट. दोंडाईच्याच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या खिल्लारी जोडीचा सौदा मी लावत होतो. रुमालाखाली त्याचा भाव घेतला, गिऱ्हाइकाचा घेतला, आणि सौदा पक्का म्हणून जाहीर केलं. शेतकरी ओरडला, “मी हा भाव दिलाच नाही!” मी त्याला खोटारडा म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. माझा राग त्या वेळी सगळ्या बाजाराला माहीत होता.

तेवढ्यात सुपडू पुढे आला. दोंडाईच्याचाच दलाल, माझ्याच वयाचा, आणि खरं सांगायचं तर माझ्या तोडीचा एकटाच. त्यानं काही न बोलता माझा हात आपल्या हातात घेतला आणि रुमाल टाकला. मला वाटलं, मध्यस्थी करतो आहे. थोड्या वेळानं त्यानं रुमाल ओढून बाजूला केला आणि माझा हात वर धरला. करंगळीतून रक्त येत होतं. त्यानं नख रुतवलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

“तो भाऊ खोटं नही बोली राहिना,” सुपडू शेतकऱ्याकडे मान करून सगळ्यांसमोर म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “याकोबभाऊ, तुना हात गया.”

घोळका मागं सरकला. बधिर हात म्हणजे काय, हे त्या काळी कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. महारोग.

त्या दिवसापासून बाजारात माझ्या रुमालाखाली कुणी हात घातला नाही. रविवारी चर्चच्या सभेत गेलो तर तिथं बातमी माझ्याआधी पोचली होती. प्रभूनं कुष्ठ्याला हात लावून बरं केलं, यावर त्याच मंडळीत बसून मी किती उपदेश ऐकले असतील! सभा संपल्यावर दाराशी, एरवी हातात हात देणाऱ्या सगळ्यांनी मला लांबून नमस्कार केला. तो नमस्कार मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही.

निदान

माझी बायको एस्तेर मला ओढतच धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी जायला तयार नव्हतो. नाव कळेपर्यंत आजार नसतोच, असं माणसाला वाटतं. डॉक्टरीणबाईंनी टाचणी घेतली आणि हातभर टोचत टोचत गेल्या. मग मानेवर बोट दाबलं. मी किंचाळलो.

“मान कधीपासून दुखते?”

“मान दुखतच असते. बैल बघायचे म्हणजे वाकावं लागतं.”

फोटो काढला. तो उजेडात धरून त्या म्हणाल्या, “महारोग नाही. मानेच्या हाडाला क्षय झाला आहे. तिथं नस दाबली जाते, म्हणून बोटं बधिर.”

मी हसलो. क्षय झाला म्हणून हसणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी मला हसू दिलं आणि मग बाकीचं सांगितलं. आणखी उशीर झाला असता तर दोन्ही हात आणि दोन्ही पाय गेले असते. अजूनही जाऊ शकतात. मान हलता कामा नये. आजपासून उताणं पडायचं. किती महिने, ते हाड सांगेल.

“आणि हात?” मी विचारलं.

“बघू.”

गिऱ्हाईक भाव सांगायच्या आधी ‘बघू’ म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. एस्तेरनं भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या हाताविना आमच्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

आसा राजा

डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, वर छत, छतावर ओल आलेला एक डाग. माझं जग एवढंच. सकाळी सुई, गोळ्या, पेज, मग शौचाचं भांडं. दिवसातून अनेकदा कूस बदलायची, म्हणजे चौघांनी खालच्या चादरीचे चार कोपरे धरून मला ओंडक्यासारखं फिरवायचं. एकजण कमी पडला तर मान वाकडी व्हायची भीती. वॉर्डात माणसं कमी, म्हणून शेजारच्या खाटांचे नातेवाईक बोलवावे लागत. मी, ज्यानं कधी कुणाकडे काडेपेटी मागितली नाही, तो रोज ओरडायचा, “अहो, कुणी कोपरा धरता का?”

माझे सासरे, मी त्यांना आबा म्हणायचो, जळगावहून आले. हयातभर गावोगाव उपदेश केलेला माणूस. पवित्र शास्त्र त्यांना जवळजवळ पाठ. ते खाटेशी बसले आणि त्यांनी मला आसा राजाची गोष्ट सांगितली. चांगला राजा होता, पण त्याच्या पायांना रोग झाला तेव्हा तो देवाकडे वळला नाही, वैद्यांकडे गेला. आणि मेला.

“आबा, हे मला आज सांगायचं?”

“आजच. माझ्या घरी चल. मंडळी जमेल, प्रार्थना करू. इथं माणसांच्या हातांवर भरवसा ठेवून पडला आहेस.”

एस्तेर पलीकडून म्हणाली, “बाबा, देवाला सांगायचं ते इथूनही सांगता येतं. सुई मात्र वेळेवर घ्यायची.”

आता कबूल करतो, मला आबांचं म्हणणं आवडलं होतं. श्रद्धा मोठी होती म्हणून नव्हे. मला माणसांचं काही नको होतं. देवाची मदत सोयीची, कारण देव उद्या बाजारात समोर भेटत नाही. त्याच्यापुढे मान खाली घालायला लाज वाटत नाही. मी छताकडे बघत देवाशी सौदा लावला. मी आबांकडे जातो, सुई सोडतो. तू एकट्यानं, मधे कुठलाही दलाल न घेता, माझा हात परत दे.

पण सौदा पक्का करण्याआधी मी आबांना एक गोष्ट विचारली. “आबा, बैलाची एकच बाजू दाखवून मला कुणी बैल विकू शकेल का?”

“नाही.”

“मग हा बैल फिरवा. माणसावर भरवसा ठेवू नये, हे अजून कुठं लिहिलं आहे?”

“यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात. जो माणसावर विसंबतो तो शापित, असंच आहे.”

“मग ते पुस्तक सगळं वाचा. पहिल्यापासून शेवटापर्यंत, दर खेपेला थोडं. सगळीकडून बघतो, आणि मग तुमच्याबरोबर येतो.”

आबा खूश झाले. त्यांना वाटलं जावई वळला. डॉक्टरीणबाईही खूश झाल्या, कारण यिर्मयाचं पुस्तक फार मोठं आहे.

चौथा कोपरा

एका बाजाराच्या दिवशी कूस बदलायला तिघंच होते. मी ओरडलो. कुणीतरी येऊन चौथा कोपरा धरला. मला छताखेरीज काही दिसत नव्हतं, त्यामुळे आधी आवाज आला.

“आते कसं शे, याकोबभाऊ?”

सुपडू.

मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिघंही थांबले, मी अर्धवट हवेत. सुपडू शांतपणे म्हणाला, “शिव्या नंतर दे. आधी फिरी जा.” आणि मला फिरवलं.

मी त्याच्याशी मुद्दाम बोर्डिंगातल्या शुद्ध मराठीत बोलायचो. त्यानं अंतर राहतं. “आपण इथं येण्याचं कारण?”

“बजारमा बैल घी उनू होतू. म्हनं, तुले देखी येऊ.”

“काय बघायला? हात गेला की पूर्ण माणूस गेला ते?”

तो चादर सारखी करून निघून गेला. पुढच्या बाजाराला पुन्हा आला. त्याच्या पुढच्यालाही. दर वेळी चौथा कोपरा तोच धरायचा. आणि त्याची पकड सगळ्यांत चांगली होती, झटका न देणारी. ते मला मान्य करावं लागत होतं आणि त्यामुळे राग आणखी वाढत होता. बाकीचे फिरवायचे तेव्हा मान चमकायची. तो असला की नाही. वॉर्डातले लोक मला विचारू लागले, “तुमचे भाऊ आज येणार ना?”

“भाऊ नाही. माझा धंदा बुडवणारा आहे.”

“मग रोज बुडवायला येऊ द्या की,” शेजारच्या खाटेवरचा म्हातारा नाना म्हणाला, आणि सगळा वॉर्ड हसला.

एकदा मी स्पष्टच विचारलं. “रुमालाखालचं तू उघड केलंस. का?”

त्यानं स्टूल ओढलं. “मना भाऊना हात असाच गया. महारोग होता. लपाडता लपाडता बोटं गयात. लपाडं नसतं तर बोटं वाचतात.”

“मग माझ्या कानात सांगायचं होतं.”

“कानमा सांगेल तू ऐकता का?”

 ऐकलं नसतं. पण म्हणून त्यानं केलं ते बरोबर ठरत नाही. तेव्हाही माझं हेच मत होतं आणि आजही आहे.

चिंध्या

पुढे वाळूच्या पिशव्या गेल्या आणि हनुवटीपासून छातीपर्यंत प्लास्टर आलं. आता मला टेकवून थोडं बसवता येऊ लागलं. पण प्लास्टरच्या कडा काखेत कापू लागल्या. कातडी सोलली. नर्सबाई पावडर लावायच्या, ती घामानं वाहून जायची. सहन होईना. मी एस्तेरवर ओरडायचो, ती रडायची. आजारपणात घरातलं माणूसच सगळ्यात स्वस्त वाटतं. जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी निदान हे तरी माझ्यासारखं करू नये.

सुपडूनं एकदा काख बघितली आणि त्याला हसू आलं. “अरे, हाई ते बैलना खांदा शे!”

जू घासून बैलाच्या मानेला जखम होते, त्याला आम्ही खांदा येणं म्हणतो. त्यावर उपाय प्रत्येक गाडीवानाला माहीत आहे. जुवाला जुन्या चिंध्या गुंडाळायच्या. नव्या कापडानं भागत नाही, ते खरखरीत असतं. पुढच्या खेपेला सुपडू आपल्या बायकोची धुऊन धुऊन विरलेली लुगडी फाडून घेऊन आला. नर्सबाईंनी ती उकळायला लावली, वाळवली, आणि दोघांनी मिळून प्लास्टरच्या कडेखाली काखेत गुंडाळ्या करून बसवल्या. त्या दिवशी मी न ओरडता जेवलो.

आबा या काळात दर आठवड्याला जळगावहून येऊन वाचत होते. यिर्मयानं मला दमवलं होतं. मोठा रडका आणि रागीट माणूस, मला आवडायला लागला होता. त्या आठवड्यात आबा जिथं पोचले तिथं सरदारांनी यिर्मयाला धरून एका विहिरीत सोडलं होतं. पाणी नाही, नुसता चिखल. तो रुतत चालला होता. राजवाड्यातल्या एका परदेशी नोकरानं, एबद-मलेख त्याचं नाव, राजाला सांगून माणसं घेतली आणि त्याला वर काढायला गेला. जाताना त्यानं कोठारातून जुनेरं आणि चिंध्या घेतल्या, दोरानं खाली सोडल्या, आणि यिर्मयाला सांगितलं, या काखेत घाल, मग वरून दोर बांध.

आबांचा आवाज थांबला. ते माझ्या काखांकडे बघत होते. एस्तेरही. विरलेल्या लुगड्याचा हिरवा काठ प्लास्टरखालून बाहेर डोकावत होता.

“आबा,” मी म्हणालो, “माणसावर विसंबू नये, हे बोलणारा यिर्मया तो हाच ना?”

“हाच.”

“मग त्यानं दोराला काय सांगितलं? नको म्हणाला?”

आबांनी पुन्हा पान बघितलं, जणू काही सुटलं असेल. “नाही. चिंध्या काखेत घातल्या.”

“आणि देव?”

“त्या गोष्टीत देव बोलत नाही,” आबा हळू म्हणाले. “राजा बोलतो, नोकर बोलतो. दोर, चिंध्या, माणसं. एवढंच लिहिलं आहे.”

मला जिंकल्यासारखं वाटलं. मी दवाखान्यातच राहणार हे ठरलं. पण आबा कच्चे नव्हते. जळगावची गाडी त्यांनी सोडून दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी हजर झाले.

“बैल अजून एकदा फिरवतो,” खाटेशी उभ्यानंच ते म्हणाले. “पुढच्या अध्यायात आहे. त्या एबद-मलेखाला देवाचा निरोप येतो, शहर पडेल तेव्हा तुझा जीव वाचेल, कारण तू माझ्यावर भरवसा ठेवलास. म्हणजे दोर ओढणारा देवावर विसंबला होता आणि विहिरीतला त्या दोरावर. यातलं देवाचं किती आणि माणसाचं किती, मला सांगता येत नाही, याकोब. रात्रभर विचार केला.”

मी आबांना ‘सांगता येत नाही’ म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं. आसा राजाचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं नाही.

“माझ्या दोर ओढणाऱ्याला देवबिव ठाऊक आहे की नाही, कुणास ठाऊक,” मी म्हणालो. “त्यानं मला आधी विहिरीत ढकललं आणि मग चिंध्या आणल्या.”

“ढकललं नसतं तर तू दवाखान्यात कधी आला असतास?”

मी चहा मागितला.

आबा हटले नाहीत. “आणखी एक बघ. तो देवाचा निरोप एबद-मलेखाकडे कुणी नेला?”

“कुणी?”

“यिर्मयानं. चिखलातून बाहेर आलेल्यालाच देवानं सांगितलं, जा, त्याला सांग.”

रुमाल

हे मला विहिरीपेक्षा अवघड गेलं. मदत घेण्याची सवय झाली होती. मदत केली म्हणून समोरच्याला दोन शब्द सांगण्याची नव्हती. सुपडू येत राहिला, मी टोमणे मारत राहिलो. मनात मात्र रोज तोलत होतो. त्यानं माझं नाव बाजारात बुडवलं, हे एका पारड्यात. त्यामुळे माझे पाय वाचले, हे दुसऱ्या. दोन्ही खरं. एकानं दुसरं फिटत नाही. मी धंद्यात आयुष्य घालवलं, पण असा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.

प्लास्टर निघालं आणि डॉक्टरीणबाईंनी पुन्हा टाचणी घेतली. अंगठा, तर्जनी समजली. बाकीच्या बोटांवर त्या टोचत होत्या की नाही, मला खात्री होईना. डोळे मिटून मी नुसता अंदाज करत होतो आणि त्यांना ते कळत होतं. “बघू,” त्या पुन्हा म्हणाल्या.

त्या दुपारी सुपडू आला. मी उशीला टेकून बसलो होतो, आबा खिडकीपाशी होते. एस्तेरनं त्याला टाचणीचं सांगितलं असावं. तो खाटेच्या कडेवर बसला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला.

“टाचणीनी काय समजी? तुना हात काय टाचणीना शे?” तो म्हणाला. “ये.”

त्यानं उजवा हात पुढे केला. मी बघत राहिलो. दोंडाईच्याच्या त्या दिवसानंतर माझ्यापुढे असा हात कुणी केला नव्हता. बाजारात नाही, सभेच्या दाराशीही नाही.

मी हात दिला. त्यानं टॉवेल टाकला. वॉर्डातले चालते रुग्ण गोळा झाले, बाजारात होतात तसेच. शेजारचा नाना खाटेवरून ओरडला, “सौदा कशाचा रे? बैल कुठं आहे?”

“बैल खाटवर बसेल शे,” सुपडू म्हणाला, पण तोंडावर हसू नव्हतं. रुमालाखाली हात असताना चेहरा हलवायचा नसतो.

त्यानं बोटं धरायला सुरुवात केली. अंगठा कळला. पुढचं बोट कळलं. मधलं जाड कापडातून लागावं तसं, पण लागलं. मग करंगळी. ज्या बोटात त्यानं नख रुतवलं होतं तेच. त्यावर त्याचा आयुष्यभर कासरा धरून पडलेला घट्टा फिरत होता. खरखरीत. मला खरखरीत लागलं! त्यानं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. भाव होता. मला तो वाचता आला.

मग माझी पाळी. आमच्या बोटांच्या भाषेत आकडे आहेत, हो आहे, नाही आहे. आभार मानायला त्यात खूण नाही, माफ करायलाही नाही. आहेत त्या खुणांत जे बसलं ते मी सांगितलं.  मग सुपडूनं बोटांनीच उत्तर दिलं.

टॉवेल निघाला. आबा खिडकीपासून जवळ आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि उत्सुकताही होती. “कळलं तुला? काय म्हणाला तो? तू काय सांगितलंस?”

“आबा,” मी म्हणालो, “रुमालाखालचं बाहेर बोलायचं नसतं.”

म्हणालो आबांना, पण बघत होतो सुपडूकडे. त्यानं मान खाली घातली. मग टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि उठला. मला परत आडवं करायची वेळ झाली होती. चादरीचा आपला कोपरा धरून तो बाकीच्या तिघांची वाट बघत उभा राहिला.